पाणी हे पेय नव्हे

सरकारला गोड पेयांवर कर बसवायचा होता. लोकांची वजनं वाढतायत, दात किडतायत, असा कुठलासा अहवाल आला होता आणि नेमकी तेव्हाच तिजोरीही जरा खंगली होती. दोन्ही दुखण्यांवर एकच औषध सापडल्यामुळे मंत्री खुशीत होते. कर किती, हे त्यांनी एका दुपारी ठरवून टाकलं. कर कशावर, हे ठरवायचं काम विधी विभागात मसुदाबाईंकडे आलं.

मसुदाबाई हे तिचं कचेरीतलं नाव. कायद्यांचे कच्चे मसुदे लिहिण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. रस्ता, कुत्रं, बोट, शेजारी अशा कितीतरी गोष्टींच्या व्याख्या तिने केल्या होत्या. 'रात्र म्हणजे सूर्यास्त व सूर्योदय यांमधील काळ' हे एका कायद्यातलं वाक्य तिचंच, आणि त्यावर अजून कुणी अपिलात गेलेलं नव्हतं. त्यामुळे 'पेय' हा शब्द बघून तिला वाटलं, हे काय, जेवणाच्या सुट्टीआधी उरकेल. तिने लिहिलं, 'पेय म्हणजे पिण्याजोगा कोणताही द्रव पदार्थ', आणि डबा उघडला.

समितीत ते वाक्य चहा येईपर्यंत टिकलं.

समितीचे अध्यक्ष म्हणजे विभागाचे सचिव. माघारी त्यांना सगळे स्वल्पविराम साहेब म्हणत, कारण मसुदा कितीही बरावाईट असो, त्यातला एक स्वल्पविराम इकडचा तिकडे केल्याशिवाय ते सही करत नसत. त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला. "पिण्याजोगा म्हणजे काय? आधी पिणे म्हणजे काय ते लिहा."

तिने लिहिलं, 'पिणे म्हणजे तोंडावाटे घेऊन गिळणे.'

"यात जेवण आलं," कर विभागाचे अधिकारी म्हणाले.

तिने 'न चावता' हे शब्द घातले.

"मग औषधाच्या गोळ्या आल्या," आरोग्य विभागाच्या उपसंचालिका म्हणाल्या.

"अपमानही आला," मागच्या खुर्चीवरून कुणीतरी पुटपुटलं. ते कार्यवृत्तात घेतलं नाही.

"आमच्याकडे विडीसुद्धा पितात," कर अधिकारी म्हणाले. "चहा मात्र घेतात. आणि नुसतं 'तो पितो' म्हटलं तर त्याला कुणी मुलगी देत नाही. एकाच क्रियापदावर कर बसवणं अवघड आहे, साहेब."

साहेबांनी एक स्वल्पविराम हलवला आणि बैठक पुढच्या आठवड्यावर गेली.

हे सगळं तिने संध्याकाळी घरी सासऱ्यांना सांगितलं. सांगायला दुसरं होतं कोण? नवरा पंपांची दुरुस्ती करायचा. कारखान्यांतून, इमारतींच्या तळघरांतून फिरून घरी यायचा तो पाठीचा पार भुगा होऊन. 'कलम' हा शब्द कानावर पडला की त्याला डुलकी लागायची. सासरे मात्र ताठ बसून ऐकायचे. ते जन्मभर वकिली केलेले. मोठा खटला त्यांनी कधी जिंकला नाही, पण त्यांचा कुठलाही खटला कधी चटकन संपलाही नाही. कोर्टात त्यांना तारीखवाले वकील म्हणत. विरुद्ध बाजू थकून तडजोडीला येईपर्यंत ते तारखा घेत राहायचे, आणि अशिलाला तेच हवं असायचं. घरात सून आल्यावर आणि ती कायदे लिहिते म्हटल्यावर त्यांना जणू नवं कोर्टच मिळालं. तिलाही तिच्या वाक्यांवर एवढा जीव टाकणारं माणूस जगात दुसरं मिळालं नव्हतं.

त्याच सुमारास त्यांचं हृदय थकलं. आठवडाभर रुग्णालयात काढून ते घरी आले. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या कागदावर औषधांच्या खाली लिहिलं होतं, 'पेये: दिवसाला एक लिटर, त्याहून अधिक नाही.' नवऱ्याने त्याच्या पद्धतीने समजावलं. "बाबा, पंप कमजोर झालाय. तो ओढू शकत नाही एवढं पाणी आत आलं की मागे साठणार." मग त्याने सकाळी एक बाटली भरून टेबलावर ठेवायचा पायंडा पाडला. दिवसभराचं सगळं त्या बाटलीच्या हिशेबात.

बाटली दुपारपर्यंत आटायची. मग सासरे खुर्चीत बसून ओठांवरून जीभ फिरवत राहायचे. नळ सुरू झाला की मान तिकडे वळायची. पण पाणी द्या, असं ते कधी म्हणाले नाहीत. ते युक्तिवाद करायचे.

"सूनबाई, कलिंगड हे फळ की पेय?"

"फळ, बाबा."

"मग ती फोड बाटलीत मोजायचं कारण नाही."

"त्यात नव्वद टक्के पाणी असतं."

"माणसातही बरंच असतं. म्हणून तू मला ओतून ठेवशील?"

तिला हसू यायचं, आणि हसता हसता ती एक फोड द्यायची. कधी काकडी, कधी संत्र्याच्या चार फाकी. दुसऱ्या दिवशी बैठकीत तीच उदाहरणं ती आपली म्हणून मांडायची, आणि मग साहेबही कौतुकाने तिच्याकडे बघायचे.

बैठका लांबत गेल्या. एका बैठकीत उपसंचालिकाबाईंच्या लक्षात आलं की आतापर्यंतच्या व्याख्येप्रमाणे आईचं दूधही पेय ठरतं आणि आई उत्पादक. म्हणजे तिला परवाना काढावा लागेल आणि घटक पदार्थ ठळक अक्षरांत छापावे लागतील. ते कुठे छापायचे यावर कर अधिकाऱ्यांना काही सुचवायचं होतं, पण बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पाण्याचा घोट घेतला. मसुदाबाईंनी घाईघाईने अपवाद लिहिला, 'मातेने स्वतःच्या अपत्यास पाजलेले दूध वगळून'. साहेबांनी त्यात एक स्वल्पविराम असा काही घातला की दोन दिवस अपत्यच करपात्र होतं.

मग व्यापाऱ्यांची बाजू ऐकायची वेळ आली. बाटलीबंद पाणी विकणाऱ्यांच्या संघाचा प्रतिनिधी मोठा गोड माणूस होता. "पेय माणूस बनवतो," तो म्हणाला. "पाणी निसर्ग बनवतो. आम्ही फक्त झाकण लावतो." मंत्र्यांच्या खाजगी सचिवांनी मान डोलावली, म्हणजे मंत्र्यांनीच डोलावली. मसुद्यात उपकलम आलं, 'पाणी हे पेय समजले जाणार नाही.'

त्याच्या मागून सूप कंपनीच्या बाई आल्या. त्यांनी सोबत एक वाडगा आणला होता. "सूप हे खाणं आहे. पिणं असतं तर लोकांनी चमचा कशाला घेतला असता?" पुन्हा मान डोलली. दुसरं उपकलम आलं, 'जो पदार्थ चमच्याने घेतला जातो तो पेय समजला जाणार नाही.'

इथे मात्र मसुदाबाईंना राहवेना. "साहेब, उद्या सोडावाले बाटलीला चमचा बांधून देतील."

"लोक इतके वाईट वागतील असं कायद्याने गृहीत धरू नये."

"साहेब, कायदा त्यासाठीच असतो."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मसुद्याकडे पाहिलं, आणि 'चमच्याने' या शब्दापुढे एक स्वल्पविराम दिला.

त्या संध्याकाळी ती मसुदा घरी घेऊन आली. सासऱ्यांनी भिंग काढलं, खिडकीशी बसले आणि ओळीवर बोट ठेवून वाचत गेले. एका ठिकाणी बोट थांबलं.

"पाणी हे पेय समजले जाणार नाही," त्यांनी मोठ्याने वाचलं. मग पुन्हा एकदा, जरा हळू, चव घेतल्यासारखं.

"मूर्खपणा आहे ना?" ती म्हणाली.

"मूर्खपणा कसला? सरकारचं मत आहे. आता डॉक्टरीणबाईंचा कागद आण." तिने आणला. "बघ, शब्द काय वापरलाय? पेये. एक लिटर पेये. म्हणजे चहा, दूध, रस. पाणी त्यात मोडत नाही. आणि चहासुद्धा मी चमच्याने घेतला तर मोडत नाही."

"बाबा, 'या अधिनियमाच्या प्रयोजनार्थ' असं लिहिलंय वर. घराला लागू नाही ते."

"ते वरिष्ठ कोर्टात बघू. तोवर अंतरिम दिलासा म्हणून अर्धा पेला दे."

युक्तिवाद चोख होता. तिने अर्धा पेला दिला. त्यांनी तो प्यायला तेव्हा त्यांचे डोळे मिटले, आणि तिला वाटलं, अर्ध्या पेल्याने काय होतंय. त्या दिवशी तिचा मसुदा कुणीतरी मन लावून वाचला होता. शिवाय जिंकलेल्या वकिलाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?

त्यानंतर त्यांना तिची गरज उरली नाही. ती कचेरीत, नवरा कुठल्यातरी तळघरात, आणि घरात सासरे आणि नळ. टेबलावरच्या बाटलीला ते शिवेनासेच झाले. संध्याकाळी ती जवळपास भरलेली दिसायची आणि नवरा समाधानाने म्हणायचा, "बाबांनी मनावर घेतलंय." मोरीत एक खोलगट वाडगा आणि चमचा रोज उलटा घातलेला असायचा. ते तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. चपला पायात जात नाहीत, असं सासरे म्हणाले तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टरांना विचारू या." ते म्हणाले, "चामडं आटलंय." तिने ते मानून घेतलं. विधेयक सभागृहात यायचं होतं, रोज दुरुस्त्या येत होत्या, आणि आटलेलं चामडं ही सोयीची गोष्ट होती.

विधेयक मंजूर झालं त्या दिवशी ती लवकर घरी आली. दार उघडंच होतं. शेजारच्या काकू सासऱ्यांच्या पाठीला आधार देऊन उभ्या होत्या. सासरे पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसले होते, आणि प्रत्येक श्वास असा घेत होते की जणू तो विहिरीतून ओढून काढायचा आहे. ओठ निळसर पडले होते.

"आडवं होता येईना म्हणतात," काकू म्हणाल्या. "मी गाडी बोलावलीय."

रुग्णालयात नवरा आला तो तसाच, गुडघ्यापर्यंत ग्रीस लागलेला. आधी काचेतून वडिलांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बाटली तर भरलेली असायची."

"ते नळाचं पीत होते."

"तुला माहीत होतं?"

तिने होकाराची मान हलवली. तो बाकावर बसला. "आणि तू दिलंस कधी?"

"सुरुवातीला. अर्धा पेला." मग, लपवण्यात काही राम नाही हे कळून, तिने तो कायद्याचा सगळा प्रकार सांगितला. आज त्याला डुलकी आली नाही. तो आवाज न चढवता म्हणाला, "म्हणजे कलमात बसत होतं म्हणून दिलंस." त्याने आरडाओरडा केला असता तर तिला बरं वाटलं असतं. भांडायला तिला येत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासऱ्यांचा श्वास ताळ्यावर आला. डॉक्टरीणबाई फेरीला आल्या तेव्हा दोघं पलंगापाशी उभे होते. बाईंनी विचारलं, "काका, किती पीत होतात रोज?"

सासऱ्यांनी नाकावरचा प्राणवायूचा मुखवटा वर उचलला. "आपल्या कागदावर 'पेये' असा शब्द आहे. पाणी हे पेय नव्हे. चमच्याने घेतलेलं काहीच पेय नव्हे. तसा कायदा काल मंजूर झालाय."

"कुणी केला?"

"हिने," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात अभिमान होता.

डॉक्टरीणबाईंनी मसुदाबाईंकडे बघितलं, तिच्या पायापासून केसांपर्यंत, निवांत. मग पुन्हा काकांकडे वळल्या. "बरं. आत्ता आम्ही तुमच्या अंगातून इंजेक्शन देऊन जे बाहेर काढतोय, ते काय आहे?"

"पाणी."

"चमच्याने घेतलेलं?"

"बरंचसं."

"मुखवटा लावा." त्यांनी फायलीतला जुना कागद काढून त्याचे दोन तुकडे केले. "माझीच चूक झाली. तुमच्यासारख्या माणसासाठी मी शब्द लिहायला नको होता. आता नीट ऐका. रोज सकाळी उठल्यावर काट्यावर उभं राहायचं. दोन दिवसांत वजन किलोभर वाढलं की सरळ माझ्याकडे. काय घेतलंत, कशाने घेतलंत, त्याला काय म्हणतात, मला काही सांगू नका."

"वजनकाट्याची उलटतपासणी घेता येत नाही," सासरे मुखवट्याच्या आतून म्हणाले.

"म्हणून तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या पलंगाकडे गेल्या.

मसुदाबाई त्या दिवशी रुग्णालयाच्या जिन्यावर बराच वेळ बसून राहिली. रडून झालं, तोंड धुऊन झालं, आणि मग तिचं डोकं सवयीने चालायला लागलं. सोमवारी ती कचेरीत गेली आणि एका पानाचं टिपण घेऊन स्वल्पविराम साहेबांसमोर उभी राहिली. पेय म्हणजे काय, पिणे म्हणजे काय, चमचा, वाडगा, माता, अपत्य, सगळं काढून टाकायचं. बाटली असो, डबा असो की वाडगा, आत साखर किती ते तोलायचं आणि तेवढ्या साखरेवर कर घ्यायचा. दुरुस्तीचा मसुदा एका ओळीचा होता.

साहेबांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. स्वल्पविरामाला जागाच नव्हती.

"हे फार सोपं आहे," ते शेवटी म्हणाले.

"हो, साहेब."

"यावर कोर्टात कोण जाईल?"

"कुणी नाही, असं वाटतं."

"मग अपील मंडळावर आत्ताच नेमणुका झाल्यात, त्या लोकांनी करायचं काय?" त्यांचा आवाज अगदी मायेचा होता. "घरी आजारपण आहे म्हणून ऐकलं. चार दिवस रजा घ्या." टिपण त्यांनी खणात टाकलं, आणि खण पायाने सरकवून बंद केला.

पुढे जे व्हायचं ते झालं. महिन्याभरात बाजारात सोड्याच्या, सरबताच्या, रसाच्या प्रत्येक बाटलीच्या गळ्यात रबराने एक प्लास्टिकचा चमचा अडकवलेला दिसू लागला. चमचा कान कोरायच्या काडीपेक्षा जरा मोठा, आणि बाटलीवर छापलेलं, 'चमच्याने घ्यावे.' लोक चमचा गटारात टाकून बाटली तोंडाला लावत. गटारं तुंबली. करापोटी जे जमलं त्यात कर गोळा करणाऱ्यांचे पगारही भागेनात. एका कंपनीने तर बिनसाखरेच्या सोड्यालाही चमचा लावला. का, म्हणून विचारल्यावर ते म्हणाले, सगळेच लावतायत, आमच्या मालात काही कमी आहे असं गिऱ्हाइकाला वाटू नये.

मंत्री खवळले. साहेबांनी त्यांना शांत केलं आणि नवी समिती नेमली, 'चमचा' या शब्दाची व्याख्या करण्यासाठी. मसुदाबाई तिची सदस्य सचिव.

पहिल्या बैठकीला खोली गच्च भरली होती. मंत्र्यांचे खाजगी सचिव, त्यांचे सहायक, सहायकांचे मदतनीस, आणि मंत्र्यांच्या गावाहून आलेले दोन गृहस्थ, ज्यांचं पद कुणालाच ठाऊक नव्हतं. मसुदाबाईंनी विषय वाचून दाखवला. "चमचा म्हणजे कोण... काय, ते आज ठरवायचं आहे." कुणी कुणाकडे बघेना. कर अधिकाऱ्यांनी टेबलाखाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली आणि बराच वेळ बांधत राहिले. शेवटी खाजगी सचिवच म्हणाले की हा विषय नाजूक आहे, घाई नको, आणि सगळ्यांनी एका सुरात माना डोलावल्या.

ती घरी आली तेव्हा सासरे खुर्चीत होते. एव्हाना अंगावरची सूज उतरून त्यांचा निम्मा माणूस झाला होता. सकाळी काट्यावर उभं राहायचे ते मान वर करून, आरोपीसारखे. नवरा आकडा वाचायचा आणि कामाला निघायचा. तिच्याशी तो बोलायचा, पण कामापुरतं. सासरेही तिच्याशी हल्ली वाद घालत नव्हते, आणि तीही कचेरीतलं काही घरी काढत नव्हती. दोघांनाही एकमेकांची धास्ती बसली होती.

ती त्यांच्यासमोर खालीच बसली. टेबलावरची बाटली रिकामी होती.

"बाबा, फार तहान लागते?"

इतक्या दिवसांत हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"लागते गं," ते म्हणाले. "घशात कुणीतरी लोकर भरल्यासारखं होतं. दुसरं काही सुचत नाही. तुझ्याशी वाद घालायचो ना, तेव्हा तेवढा वेळ विसरायला व्हायचं. पाणी मिळालं नसतं तरी चाललं असतं. तू उगाच लवकर हरलीस."

ती उठली. बर्फाच्या साच्यातला एक खडा वाटीत घेऊन आली. तो वितळल्यावर किती होतो हे तिने सकाळीच मोजून, तेवढं पाणी बाटलीत कमी भरलं होतं. तसं तिने सांगितलंही. त्यांनी खडा गालात धरला आणि मान डोलावली, म्हणजे हिशेब मान्य.

"आज चमच्याच्या व्याख्येची बैठक होती," ती म्हणाली.

"हं."

"खाजगी सचिवच अध्यक्षांच्या शेजारी."

त्यांच्या गालातला खडा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला गेला. डोळ्यांत जरा हालचाल झाली. "मसुदा आहे?"

"आहे. पण या वेळी मी सोडणार नाही. आणि बर्फ दुसरा मिळणार नाही, काहीही सिद्ध केलंत तरी."

"मंजूर." त्यांनी भिंग मागितलं, शाल सारखी केली आणि खुर्चीत ताठ बसले. "चमच्याच्या टोकाला दाते पाडले तर तो चमचा राहतो का? तिथपासून सुरू कर."

तिने सुरू केलं. नवरा कामावरून आला तेव्हा दोघं चमच्याच्या दांडीपाशी अडली होती.